फोन वाजल्यावर घाबरतं कोण?

'फेटल अट्रॅक्शन' आवडतो असं कुणी म्हटलं, की पुढचा संवाद न ऐकताही सांगता येतो. एक जण म्हणतो, एकट्या राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या बाईला पिसाट ठरवून शेवटी गोळी घालणारा हा सिनेमा. तो आवडतो म्हणजे तुमच्यातच काहीतरी खोट आहे. दुसरा म्हणतो, अहो, सिनेमा आहे, अंगावर काटा येतो ना, मग झालं. शिवाय बाहेरख्याली नवऱ्यांना चांगली अद्दल घडते. १९८७ च्या सप्टेंबरात हा सिनेमा अमेरिकेत झळकला तेव्हाही हेच दोन पक्ष होते आणि इतक्या वर्षांनंतरही ते जागचे तसूभर हललेले नाहीत. गंमत म्हणजे दोघंही एकाच व्यक्तीकडे, त्या बाईकडे, टक लावून बसलेत: अ‍ॅलेक्स फॉरेस्टकडे. ती दुष्ट की दुखावलेली, वेडी की नाडलेली, यावर सगळा खल. माझ्या मते हा वाद चुकीच्या माणसाभोवती चालला आहे. या सिनेमाचं कौतुक करायला हवं, अगदी हातचं न राखता करायला हवं. पण त्यातली भीती अ‍ॅलेक्सच्या वेडातून येते असं समजून कुणी ते करत असेल, तर त्यानं सिनेमा नीट पाहिलेला नाही. भीती येते ती डॅनच्या, म्हणजे तिच्याशी संबंध ठेवून ते बायकोपासून लपवणाऱ्या नवऱ्याच्या, खोटेपणातून. हे मान्य केलं की सिनेमाचं श्रेय कशाचं आणि पाप कुठलं, दोन्हींचा हिशेब लागतो.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. डॅन गॅलघर हा न्यूयॉर्कमधला वकील. बायको बेथ, लहान मुलगी एलन, एक कुत्रा. बायको-मुलगी शनिवार-रविवारसाठी गावाबाहेर गेलेल्या असताना एका प्रकाशनसंस्थेत संपादक असलेली अ‍ॅलेक्स कामाच्या बैठकीत भेटते. बाहेर पाऊस, डॅनची छत्री उघडत नाही, मग एकत्र जेवण, मग तिचं घर. रविवारी रात्री तो निघू लागतो तेव्हा ती मनगटं कापून घेते. तो पट्ट्या बांधतो, थांबतो, आणि नंतर घरी जातो. घरी पोचल्यावर तो काय करतो? आपण रात्री इथेच झोपलो होतो असं दिसावं म्हणून अंथरूण विस्कटतो. प्रसंग काही क्षणांचाच. अ‍ॅलेक्सनं अजून कुणाला धमकावलेलं नाही, कुणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही. तरी प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो तो इथेच.

टेबलाखालच्या बॉम्बची, थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याची उपपत्ती सिनेमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. तो टेबलाखाली आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं आणि वर बसलेल्यांना कळलं नाही, तर पंधरा मिनिटांची घालमेल. पण ही उपपत्ती सांगणारे एक प्रश्न सहसा विचारत नाहीत: बॉम्ब ठेवला कुणी? बहुतेक थरारपटांत तो शत्रूनं ठेवलेला असतो. इथे तो घरच्या कर्त्या माणसानं स्वतःच्या जेवणाच्या टेबलाखाली ठेवला आहे आणि वर बसून तो मीठ मागतो आहे. डॅननं सोमवारी सकाळीच बेथला सगळं सांगून टाकलं असतं, असं धरून चला. अ‍ॅलेक्सचे फोन मग त्रासाचे ठरले असते, कटकटीचे, कदाचित केविलवाणे. भयानक ठरले नसते. फोन उचलणारी बेथ असेल तर काय होईल, या एका शक्यतेवर सगळी दहशत उभी आहे आणि ती शक्यता जिवंत ठेवण्याचं काम डॅन रोज इमानेइतबारे करतो.

ज्याला पटकथेत रस आहे त्यानं या सिनेमाच्या पायऱ्या एकदा कागदावर उतरवून बघाव्यात. अ‍ॅलेक्स प्रथम डॅनच्या कचेरीत येते, माफी मागते, ऑपेराची तिकिटं पुढे करते. मग कचेरीत फोन. मग घरी, रात्री-अपरात्री. मग गरोदर असल्याचं सांगते. डॅन घरचा नंबर बदलतो, तर ती त्याचं विकायला काढलेलं घर बघायला गिऱ्हाईक म्हणून दिवाणखान्यात येऊन बसते, बेथशी गप्पा मारते. आणि नवरा काही घडलंच नाही असा चेहरा करून तिच्याशी हात मिळवतो. मग गाडीवर ॲसिड, मग आवाजाची कॅसेट, मग गावाबाहेरच्या नव्या घरापर्यंत पाठलाग, मग स्वयंपाकघरातल्या पातेल्यात उकळणारा ससा, मग शाळेतून परस्पर नेलेली मुलगी. प्रत्येक पायरी घराच्या गाभ्याकडे थोडी सरकते: कचेरी, फोन, दिवाणखाना, गाडी, चूल, मूल. पण खरी करामत वेगळीच आहे. सशापर्यंतच्या प्रत्येक पायरीवर डॅनपुढे एक दार उघडं असतं, बेथला सांगून टाकण्याचं, आणि दर वेळी तो ते स्वतःच्या हातानं ओढून घेतो. पोलिसांकडे जातो तिथेही 'माझ्या एका अशिलाची अडचण आहे' असं सांगतो. मदत मागायला गेलेला माणूससुद्धा खोट्याच्या आडूनच मदत मागतो, याहून नेमकं व्यक्तिचित्रण कुठल्या भाषणानं झालं असतं?

पोलिसांच्या त्या प्रसंगाबद्दल जाता जाता सांगायला हवं. पोलीस हात झटकतो, हे अनेकांना पटकथेच्या सोयीचं वाटतं. तसं नाही. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा अमेरिकेतला पहिला कायदा कॅलिफोर्नियानं १९९० मध्ये केला आणि तो १९९१ च्या जानेवारीपासून लागू झाला. १९८७ मध्ये एखाद्यानं 'ती सारखी फोन करते, मागे येते' अशी तक्रार नेली असती, तर पाठलागाचं म्हणून बोट ठेवायला वेगळं कलमच नव्हतं.

भीतीच्या या यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग कुठला, असं विचारलं तर मी बेथ म्हणेन. व्यभिचाराच्या कथांमध्ये बायकोला थोडं रुक्ष, थोडं कटकटं, थोडं आजारी करून ठेवण्याची जुनी सोय आहे. नवऱ्याचा पाय घसरला तर वाचक-प्रेक्षकाला 'बिचारा तरी काय करणार' असं म्हणायला जागा राहते. या सिनेमानं ती सोय नाकारली. अ‍ॅन आर्चरची बेथ देखणी आहे, हसरी आहे, नवऱ्यावर तिचं प्रेम आहे आणि नवऱ्याचंही तिच्यावर आहे. घर उबदार आहे. म्हणजे डॅनकडे सबब नाही. त्याला शनिवारी संध्याकाळी मोह झाला आणि कुणाला कळणार नाही असं वाटलं, एवढंच कारण. प्रेक्षक अस्वस्थ होतो तो या कारणाच्या क्षुल्लकपणामुळे, कारण ते कुणालाही लागू पडण्याइतकं साधं आहे. डॅनच्या भूमिकेत मायकल डग्लस ज्या सहजतेनं घाबरतो आणि त्याच सहजतेनं पुन्हा खोटं बोलतो, त्याचं मोल त्या वेळी फारसं कुणी केलं नाही. ऑस्करची सहा नामांकनं सिनेमाला मिळाली, त्यांत दोन्ही अभिनेत्री होत्या, डग्लस नव्हता. (पुरस्कार एकही मिळाला नाही.)

नकला का फसल्या तेही यातूनच समजतं. गेल्या साडेतीन दशकांत या साच्याचे कितीतरी सिनेमे निघाले आणि त्यांतले बहुतेक एकाच ठिकाणी मार खातात: पुरुष जवळजवळ निर्दोष. तो मोहात पडतच नाही, किंवा त्याला फसवलं जातं, आणि बाई पहिल्या दृश्यापासून डोळे वटारून फिरते, मागे व्हायोलिनं किंचाळतात. पुरुषाला लपवण्यासारखं काही नसेल, तर फोन वाजल्यावर त्यानं घाबरायचं कशाला? उरते फक्त सुरी कधी बाहेर येते याची वाट. दुसरा घोटाळा फोनचाच. घरातला जुना फोन सगळ्या कुटुंबाचा होता. तो कुणीही उचलू शके, कुणाचा आहे ते उचलल्याखेरीज कळत नसे आणि दिवाणखान्यात तो सगळ्यांदेखत वाजे. खिशातला मोबाइल एकट्याचा असतो. तो मुका करता येतो, नंबर अडवता येतो. त्यामुळे आजच्या काळात ही कथा मांडताना दिग्दर्शक पडद्यावर नुसते मेसेज उमटवत राहतात आणि दहशत पडद्यातून खाली उतरतच नाही. मोबाइलवर थरार घडवता येत नाही असं नाही. पण मग बॉम्बची जागा बदलायला हवी: कुटुंबाचा सामायिक फोटोसंग्रह, गाडीला जोडलेला फोन, मुलीच्या हातात खेळायला दिलेला फोन. जिथे खासगी गोष्ट चुकून घराच्या मालकीची होते, ती जागा हुडकायला हवी.

आता विरोधी बाजू. तिच्याकडे जे आहे ते भक्कम आहे आणि 'कलाकृतीला राजकारण लावू नका' अशा एका वाक्यात ते उडवून लावता येणार नाही. पहिलं म्हणजे वास्तव उलटं आहे. अमेरिकी न्याय खात्यानं १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाठलागाला बळी पडणाऱ्यांत ७८ टक्के स्त्रिया होत्या आणि पाठलाग करणाऱ्यांत ८७ टक्के पुरुष. तरीही पाठलाग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक बाई उभी राहते, यात या सिनेमाचा हात आहेच. इंग्रजीत 'बनी बॉयलर', म्हणजे ससा उकळणारी, हा शब्दप्रयोग यातूनच रुळला. नको असलेल्या प्रेयसीला झटकून टाकायला तो आजही वापरतात. डॅनसाठी असा शब्द तयार झाला नाही. दुसरं म्हणजे काळ. १९८६ च्या जून महिन्यात न्यूजवीकनं लग्नाच्या बाजारावर मुखपृष्ठकथा छापली आणि चाळिशीतल्या, शिकलेल्या, अविवाहित स्त्रीचं लग्न होण्यापेक्षा ती दहशतवाद्याच्या हातून मरण्याची शक्यता जास्त, असं बेफाम विधान केलं. आपली ती मांडणी चुकीची होती हे त्या साप्ताहिकानं कबूल केलं २००६ मध्ये, वीस वर्षांनी. अशा हवेत छत्तीस वर्षांची, एकटी, कर्तबगार अ‍ॅलेक्स 'मूल होण्याची ही कदाचित माझी शेवटची संधी' म्हणते आणि वेडीपिशी होत जाते, तेव्हा प्रेक्षकानं ते नुसतं एका बाईचं चित्र म्हणून घ्यावं अशी अपेक्षा भाबडी आहे. अमेरिकी पत्रकार सुझन फलुदीनं १९९१ च्या 'बॅकलॅश' या पुस्तकात या सिनेमावर जो हल्ला चढवला, त्यातला सर्वांत टोकदार मुद्दा हा, की पटकथेचा खर्ड्यामागून खर्डा होत गेला तसतसा पुरुष अधिक गोंडस आणि बाई अधिक भीषण होत गेली. तो मुद्दा खोडता येत नाही. सिनेमागृहांत प्रेक्षक 'मार तिला' म्हणून ओरडत होते, हेही खरं.

पण ओरडणारे प्रेक्षक हा सिनेमाविरुद्धचा पुरावा, की प्रेक्षकांविरुद्धचा? की दोघांविरुद्धचा? इथे जरा थांबायला हवं, कारण सिनेमा सगळा एकजिनसी नाही. त्यात एक प्रसंग आहे. अ‍ॅलेक्सनं 'मादाम बटरफ्लाय'ची तिकिटं काढली होती, डॅननं नकार दिला. ती घरी जमिनीवर एकटी बसली आहे, तोच ऑपेरा लावलेला आहे आणि शेजारच्या दिव्याचं बटण ती चालू करते, बंद करते, चालू करते, बंद करते. मध्येच दृश्य तुटून बोलिंगच्या खेळात मित्रमंडळींबरोबर रमलेल्या डॅन-बेथवर जातं. पुन्हा दिवा. संवाद नाही, दोष देणं नाही. हा जोडकाम केलेला प्रसंग कुणाच्या बाजूचा आहे? हसणारा डॅन तिथे खलनायक वाटतो, निदान बेफिकीर तरी. दुसरी जागा आणखी बारीक आहे. त्या पहिल्या रविवारी बागेत डॅन गंमत म्हणून हृदयविकाराचा झटका आल्याचं नाटक करतो. अ‍ॅलेक्स हादरते, मी सात वर्षांची असताना माझे वडील माझ्यासमोर असेच गेले, म्हणते, मग त्याचा पडलेला चेहरा पाहून, थट्टा केली, वडील ठणठणीत आहेत, असं सांगते. पुढे डॅन तिच्या घरात चोरून शिरतो तेव्हा त्याला वर्तमानपत्राचं कात्रण सापडतं. वडील खरोखरच गेलेले असतात. दुःख सांगून लगेच त्याची थट्टा करून टाकणारी बाई: समोरच्याला आपला भार नको म्हणून तिनं बोललेलं ते खोटं आणि डॅननं स्वतःचा भार टळावा म्हणून बोललेलं खोटं, या दोन्हींत केवढं अंतर आहे, हे सिनेमाला ठाऊक आहे. प्रेक्षकाला ते टिपता आलं नाही तर दोष कात्रणाचा नाही.

'मग अ‍ॅलेक्सची बाजू सविस्तर सांगा, तिला भूतकाळ द्या, निदान द्या' हा त्यावरचा सुचवलेला उपाय मात्र मला पटत नाही. अ‍ॅलेक्स साकारणाऱ्या ग्लेन क्लोजनं भूमिकेची तयारी करताना पटकथा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवली होती. तिनं अ‍ॅलेक्सला आतून समजून घेतलं म्हणूनच तो दिवा तसा लागतो आणि विझतो. पण कलाकारानं समजून घेणं वेगळं आणि प्रेक्षकाच्या हातात केसपेपर ठेवणं वेगळं. निदानं तर हौशी मंडळींनी भरपूर केली. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ क्लेरांबो यानं १९२१ मध्ये वर्णिलेला प्रेमभ्रम हे त्यांतलं एक. ते इथे बसतच नाही: त्या विकारात ज्याच्याशी काही संबंधच नाही अशा माणसाचं आपल्यावर प्रेम आहे असा ठाम समज असतो. अ‍ॅलेक्सला भ्रम कुठे आहे? दोन रात्री खऱ्या होत्या, गर्भ राहिल्याचं ती सांगते आणि बाप कोण याबद्दल तिच्या मनात शंका नाही. 'मला दुर्लक्षून चालणार नाही' हे तिचं म्हणणं तिच्या कृत्यांपासून वेगळं काढलं, तर त्यात गैर काय आहे? २०२३ मध्ये याच कथेची मालिका आली. तिनं अ‍ॅलेक्सला बाजू दिली, पूर्वायुष्य दिलं, डॅनला पंधरा वर्षं तुरुंगात घातलं. हेतू चांगला होता. एका पर्वातच मालिका गुंडाळावी लागली. ज्या क्षणी तिच्या प्रत्येक कृतीमागचं कारण खुलाशासारखं मिळू लागलं, त्या क्षणी घालमेल संपली. आणि खुलासा तिचा होत राहिला, डॅनच्या खोट्याचा नाही. म्हणजे दुरुस्ती करतानासुद्धा सगळ्यांची नजर पुन्हा अ‍ॅलेक्सवरच.

सिनेमाचं खरं पाप शेवटात आहे आणि त्याचा इतिहास सांगितल्याशिवाय कौतुक पुरं होत नाही. चित्रित झालेला मूळ शेवट असा होता: अ‍ॅलेक्स 'मादाम बटरफ्लाय' ऐकत स्वतःचा गळा चिरते, सुरीवर डॅनच्या बोटांचे ठसे असल्यानं पोलीस त्याला खुनासाठी पकडतात, बेथला ती कॅसेट सापडते, जिच्यात अ‍ॅलेक्सनं जीव देण्याचं बोलून ठेवलं आहे, आणि बेथ ती घेऊन धावते. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळांना बसलेल्या प्रेक्षकांना हे पचलं नाही. त्यांना अ‍ॅलेक्सला शिक्षा झालेली हवी होती, तीही बेथच्या हातून. स्टुडिओनं नवा शेवट मागितला. ग्लेन क्लोज अडून बसली, शेवटी नाइलाजानं तयार झाली, आणि न्हाणीघराचं ते गाजलेलं दृश्य चित्रित झालं. आजही सिनेमात जुन्या शेवटाची खूण राहिली आहे: अ‍ॅलेक्सच्या घरातल्या झटापटीनंतर डॅन सुरी हिसकावतो आणि ओट्यावर ठेवून निघून जातो. इतका वेळ त्या सुरीवर कॅमेरा कशाला रेंगाळतो? कारण ठसे उमटायचे होते. ज्या कारणासाठी ती सुरी ठेवली ते कारणच पुढे कापलं गेलं.

नवा शेवट कारागिरी म्हणून अव्वल आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. वाफेनं धुरकटलेला आरसा बेथ पुसते आणि मागे अ‍ॅलेक्स उभी. बोलता बोलता ती हातातली सुरी स्वतःच्याच मांडीला टोचते आहे, तिला भान नाही. खाली चुलीवरची किटली शिटी घालते आणि त्या शिटीत वरची किंकाळी बुडते. डॅन किटली उतरवतो तेव्हा कुठे त्याला ऐकू येतं. पाणी सबंध सिनेमाभर वाहतंच आहे, त्या शनिवारचा पाऊस, तिच्या घरातला उघडा राहिलेला नळ, उकळणारं पातेलं. ते शेवटी टबात येऊन थांबतं. डॅन तिला बुडवतो, ती मेली असं वाटतं, ती उसळून उठते, बेथ गोळी घालते. शेवटी कॅमेरा डॅन, बेथ आणि एलनच्या फोटोवर स्थिरावतो. आणि त्या बाईच्या पोटातल्या गर्भाचं काय? अर्धा सिनेमा ज्या प्रश्नाभोवती फिरला, त्याचा शेवटी कुणी उच्चारही करत नाही. डॅनच्या खोट्याचंही तेच. घरावर हल्ला झाला, घरानं स्वसंरक्षण केलं. एवढ्यात सगळे हिशेब मिटले. एका तासाहून अधिक काळ सिनेमा जे सांगत होता, की बॉम्ब घरच्याच माणसानं ठेवला आहे, ते शेवटच्या काही मिनिटांत स्वतःच पुसून टाकतो.

हॉलिवूडच्या आचारसंहितेची इथे आठवण येते. १९३४ पासून कडकपणे राबवल्या गेलेल्या त्या संहितेनुसार व्यभिचार समर्थनीय किंवा आकर्षक दिसता कामा नये आणि पापाला शिक्षा मिळालीच पाहिजे. १९६८ मध्ये ती जाऊन वयोगटाची प्रमाणपत्रं आली. सगळ्यांनी सुटकेचा निश्वास टाकला. एकोणीस वर्षांनी तेच काम चाचणी खेळातल्या प्रेक्षकांनी केलं, आणि संहितेपेक्षा वाईट केलं. जुन्या संहितेत निदान नवराही हिशेबातून सुटत नव्हता.

प्रेक्षकांचं ऐकून कलाकृती दुरुस्त करणंच गैर, असं मात्र मी म्हणणार नाही. आणि इथे योगायोगानं 'मादाम बटरफ्लाय'च साक्षीला येते. १७ फेब्रुवारी १९०४ रोजी मिलानच्या ला स्कालामध्ये तिचा पहिला प्रयोग झाला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. संगीतकार पुच्चिनीनं ती मागे घेतली, अवाढव्य लांबलेल्या दुसऱ्या अंकाचे दोन भाग केले, काटछाट केली आणि मे महिन्यात इटलीतल्याच ब्रेशात ती पुन्हा आणली, तेव्हा ती उचलून धरली गेली. पण बटरफ्लायचं मरण आणि ते पाहायला उशिरा पोचलेला, तिला टाकून गेलेला पिंकर्टन, हे त्यानं हलवलं नाही. तो दोषी उभाच राहिला. दुरुस्ती करायची तर बांधणीची करावी. दोष कुणाचा, हे बदललं की तो वेगळाच ऐवज होतो.

आपल्याकडे हा प्रश्न अनोळखी नाही. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मध्ये नवऱ्याच्या मारानं मरणाला टेकलेली सिंधू पोलिसांपुढे खोटी जबानी देते आणि सुधाकराला वाचवते. बेथ तेच करते: जुन्या शेवटात कॅसेटनं, नव्यात गोळीनं. नवऱ्याला सोडवणारी बायको दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे प्रेक्षक तिच्यासाठी कढ काढतो. फरक एवढाच, की गडकरी सुधाकराला सुटू देत नाहीत. सिंधूनं माफ केलं तरी नाटक माफ करत नाही. सुधाकर स्वतःच विषाचा प्याला घेतो. सिंधूच्या पतिव्रतेपणावर आज हवी तेवढी टीका करावी, ती करायलाच हवी. पण अपराधी कोण, याबद्दल त्या नाटकानं प्रेक्षकाला संभ्रमात ठेवलं नाही. आणखी मागे जायचं तर ग्रीक नाटककार युरिपिडीसची मिडिया. इसवी सन पूर्व ४३१ मध्ये अथेन्सच्या स्पर्धेत ते नाट्य तिसरं, म्हणजे शेवटचं आलं. टाकून दिलेली बायको स्वतःची मुलं मारते. सशाहून किती भयंकर! तरीही युरिपिडीसनं तिला बोलू दिलं, एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन लढाईत उभी राहीन असं म्हणू दिलं, आणि शेवटी सूर्याच्या रथातून जाऊ दिलं. परीक्षकांना ते रुचलं नसेल. पण तिच्या नवऱ्याला, जेसनला, सगळं गमावून बसलेला पाहताना कुणाला वाटत नाही की हे सगळं मिडियाच्या डोक्यातून आपोआप उगवलं.

तेव्हा ज्यांना हा सिनेमा आवडतो त्यांनी ओशाळण्याचं कारण नाही. पण आपल्याला नेमकं काय आवडतं ते त्यांनी सांगावं. दिव्याचं बटण, विस्कटलेलं अंथरूण, ससा सापडतो तिथली दृश्यांची कापाकापी: झाकण थरथरणारं पातेलं आणि पिंजऱ्याकडे धावणारी एलन आलटून पालटून दिसतात, बेथ झाकण उचलते आणि तिकडे मुलगी किंचाळते, मारण्याची क्रिया एकदाही न दाखवता. हे सगळं आवडावं. आणि ज्यांना सिनेमाचा राग येतो त्यांनी तो सबंध सिनेमावर न काढता जिथे काढायला हवा तिथे, त्या शेवटच्या फोटोवर काढावा. 'नवऱ्यांना चांगली अद्दल घडते' म्हणणाऱ्यांना तर विचारायला हवं, अद्दल घडली कुणाला? डॅनची बायको, मुलगी, घर, सगळं जागेवर आहे. गमावला त्यानं फक्त ससा, तोही मुलीचा.

या सिनेमाचं मूळ असलेला लघुपट पटकथाकार जेम्स डिअर्डननं स्वतःच १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये केला होता. निर्माती शेरी लान्सिंगनं तो पाहिला आणि तिथून हा प्रवास सुरू झाला. त्यात ससा नाही, न्हाणीघर नाही, पिस्तूल नाही. बायको गावाहून परत आली आहे, नवरा घरात आहे, सगळं पूर्ववत आहे. फोन वाजतो. बायको फोनकडे हात नेते आणि लघुपट संपतो.